चुकायला एक बाग

(दिंडोरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फळछाटणी तोंडावर आली आहे, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना छाटणीच्या टोळीच्या मुकादमाचा फोन लागत नाहीये आणि तरी तुम्ही संध्याकाळ मोडून इथं आलात. तेव्हा फार लांबण लावत नाही. पत्रिकेत विषयाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलंय, ‘आभासी विश्व आणि कृतिशील दूरशिक्षण’. कार्यकर्त्यांपैकी एकाने मला विचारलं, सर, हे लोकांना कळेल का? म्हटलं, डोळ्यांवर आभासी दृश्याचा चष्मा चढवून द्राक्षबाग छाटायला शिकता येईल का, एवढाच प्रश्न आहे. तो दिंडोरीत नाही कळला तर कुठे कळणार?

ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी जमतो त्या गुरुजींपासून सुरुवात करतो. आमच्या शाळेत विज्ञानाची एक पेटी होती. कपाटात, कुलपात. परीक्षानळ्या, चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, एक भिंग. कुलूप कशाला, तर काही फुटलं की डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर द्यावं लागे. तपासणीला साहेब यायचे, एकेक वस्तू मोजायचे. त्यामुळे पेटी वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहिली आणि आमची डोकीसुद्धा. गुरुजी बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात पेटी वर्गात आली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून नळी फुटली. दिव्यावर तापवलेली नळी मी तशीच गार पाण्यात बुडवली होती. वर्ग चिडीचूप. गुरुजींनी तुकडे कागदावर गोळा केले आणि विचारलं, का फुटली? मला सांगता येईना. त्यांनी दुसरी नळी माझ्या हातात दिली. म्हणाले, आता ही न फुटता गार करून दाखव. पुष्कळ वर्षांनी ते रजिस्टर माझ्या पाहण्यात आलं. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींच्या अक्षरात होतं, ‘प्रयोगात फुटली. विद्यार्थ्यास कारण कळले.’

पुढे मी स्वतः शिकवायला लागलो. कॉलेजचं नाव घेत नाही. तिथे प्रॅक्टिकलची जर्नल्स फार देखणी असत. माती परीक्षणाचं जर्नल तर असं, की चाळीस मुलांच्या चाळीस गावांतल्या मातीचा सामू (पीएच) एकच, ७.८. कारण आदल्या वर्षीच्या जर्नलमध्ये तो ७.८ होता. मी खाली सही करत होतो, हेही सांगून टाकतो. हे दूरशिक्षण नव्हतं बरं का. रोज हजेरी लागत होती, प्रयोगशाळा त्याच इमारतीत होती. त्यामुळे ‘घरी बसून शिकणाऱ्याच्या हाताला काय लागणार’ असं कुणी नाक मुरडून म्हणालं की मला ते चाळीस सामू आठवतात.

आपल्या जिल्ह्याचं दूरशिक्षणाशी नातं जुनं आहे. १ जुलै १९८९ ला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, ते नाशकात. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद तुम्ही गंगापूर धरणाकडे जाताना वाचलं असेल. या विद्यापीठाने शेतीचे अभ्यासक्रम शेतकऱ्याच्या घरात नेले आणि जोडीला कृषी विज्ञान केंद्रही चालवलं. पुस्तक घरपोच देता येतं, शेत देता येत नाही, ही अडचण त्यांना सुरुवातीपासून दिसत होती असा त्याचा अर्थ मी लावतो.

पण त्याहून जुनी एक गोष्ट आहे आणि ती आपण जवळजवळ विसरलो आहोत. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचाचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्हे निवडले, त्यांत नाशिक होता. गावं दीडशेच्या आसपास. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावातले पंधरा-वीस जण रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलत आणि त्यांचे प्रश्न पुण्याला कळवले जात. या सगळ्याचं मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या देखरेखीखाली केलं. तुलनेसाठी मंच नसलेली गावंही घेतली होती, त्यांतल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. निकाल असा आला, की मंच असलेल्या गावांच्या माहितीत भरघोस वाढ झाली आणि नुसता रेडिओ असलेली गावं जवळजवळ होती तिथेच राहिली. आवाज तोच, कार्यक्रम तेच. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यावरच्या अर्ध्या तासाने. नवं यंत्र विकायला कुणी गावात आलं की मी त्याला हे सांगतो. त्याला ते फारसं आवडत नाही.

प्रयोग घरपोच देण्याची धडपडही जुनीच आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा विज्ञान शिकणाऱ्यांना प्रयोगाची पेटीच टपालाने पाठवली. त्यात प्लास्टिकचा एक चिमुकला सूक्ष्मदर्शक असायचा. आमच्या गुरुजींची पेटी म्हणा ना, फक्त पोस्टमनच्या सायकलवर. आपल्याकडे केंद्र सरकारच्या शिक्षण अभियानातून व्हर्च्युअल लॅब्स झाल्या. आयआयटी दिल्लीचा पुढाकार, सोबत आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी आणि इतर संस्था. संगणकाच्या पडद्यावर प्रयोग मांडायचा, आकडे बदलायचे, निकाल पाहायचा. चांगलं काम आहे. माझ्या चाळीस सामूंवर यातून निदान बोटभर उतारा पडला असता.

पडद्याकडे पाहणं वेगळं आणि पडद्याच्या आत उभं राहणं वेगळं. डोक्यावर चढवायचा, माणसाला पडद्याच्या आत नेणारा पहिला चष्मा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली अमेरिकेत केला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. आता तो हेल्मेटाएवढा झालाय. मान वळवली की समोरचं दृश्य वळतं, हात पुढे केला की आतला हात पुढे जातो. माणसाचं मन किती भोळं असतं पाहा, आत खड्डा दिसला की पाय आपोआप आखडतो, आपण सतरंजीवर उभे आहोत हे माहीत असूनसुद्धा.

आणि आत राहून शिकणं ही काही कालची टूम नाही. जानोरी-मोहाडीच्या बागांत काम करताना डोक्यावरून सुखोई गेलं की आपण वर बघतो. ओझरच्या कारखान्यात ती विमानं जुळतात हे आपल्याला कौतुकाने माहीत असतं. पण वैमानिक पहिल्यांदा चुकतो तो जमिनीवर, बंद खोलीत, हे सहसा डोक्यात येत नाही. एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ साली लाकडी विमानाचं एक डबडं बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, तिथलेच भाते आणि पंप वापरून. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळासारखं खपलं. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल विमानाने नेण्याचं काम आलं, धुक्यात आणि रात्रीच्या अंधारात वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने ती डबडी विकत घेतली. माणसं गेल्यावर खेळण्याची किंमत कळली.

डॉक्टरांचंही तसंच. २००२ साली येल विद्यापीठातल्या १६ शिकाऊ सर्जनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या कौशल्याचा सराव आभासी यंत्रावर दिला, निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने तयार केलं. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णावर दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. यंत्रावर हात बसलेल्यांचं काम २९ टक्के लवकर उरकलं. सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्याच जागी भाजण्याची शक्यता पाचपट होती. १६ म्हणजे फार माणसं नाहीत, हे खरं. पण पोट आपलं असेल तर पाचपट हा आकडा पुरेसा बोलका आहे.

आता आपल्या बागेत येतो.

तुम्ही नवीन तंत्रज्ञानाला बिचकणारे नाही, याचा पुरावा तुमच्याच खिशात आहे. गेल्या काही दिवसांत इथल्या कितीतरी जणांनी काड्या कापून, ओल्या कापडात गुंडाळून तपासणीला नेल्या असतील. खरडछाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या पोटात सूक्ष्मघड धरतो. तो बाहेरून दिसत नाही. प्रयोगशाळेतली मुलगी ब्लेडने डोळा उभा चिरते, सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि सांगते, काका, पाचव्यात आहे, सहाव्यात आहे, सातव्यात घड नाही, बाळीवर गेलाय. तुम्ही नळीला डोळा लावून बघता. तिथे चिमटीत न येणारा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा काहीतरी ठिपका असतो आणि तोच तुमचा फेब्रुवारीतला घड असतो. जो घड अजून नाही तो आधी बघून त्यावर कात्री कुठे लावायची ते ठरवणं, याला मी दुसरं काय म्हणू? दिंडोरी तालुका आभासी विश्वात डोकावतोच आहे. फक्त एका डोळ्याने.

पण घड कुठे आहे हे कळलं म्हणजे छाटणी आली असं होत नाही. काडी जाड की बारीक, सबकेनची गाठ कुठे, उन्हाची बाजू कोणती, ओलांड्यावर दाटी किती, हे बघून कात्री चालते आणि एका काडीला दोन-तीन सेकंदांवर वेळ नसतो. शेंड्याचा डोळा आधी फुटतो, मागचे झोपून राहतात, म्हणून मागाहून डोळे फुटवणाऱ्या औषधाचं पेस्टिंग. एक डोळा आखूड कापला तर घड कात्रीबरोबर खाली पडतो आणि वर नुसती वांझ फूट डोलत राहते. हे सगळं समजतं कधी? चूक ऑक्टोबरात होते, पंधरा-वीस दिवसांनी थोडी दिसते आणि हिशेब फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापाऱ्यासमोर होतो. तोपर्यंत कोणत्या काडीवर आपण काय केलं होतं हे कुणाच्या बापाला आठवत नाही.

इथे मला अनेक वर्षं सतावणारी गोष्ट आहे. चाळीस वर्षं बाग केलेला जाणता बागायतदार घ्या. त्याने आयुष्यात फळछाटणी किती वेळा केली? चाळीस वेळा. नाशकातला चांगला सर्जन तेवढ्या शस्त्रक्रिया दोन-चार महिन्यांत करत असेल. त्या चाळिसांतही पाऊस वेगळा, थंडी वेगळी, केवडा रोगाचा जोर वेगळा. म्हणजे बागायतदाराला परिणाम दिसतो, पण धडे मोजके. उलट छाटणीच्या टोळीतला माणूस एका हंगामात पंचवीस-तीस बागा छाटतो. त्याच्या हाताखालून हजारो काड्या जातात. त्याला धडे भरपूर, पण परिणाम दिसत नाही. कळी निघेपर्यंत टोळी पुढच्या गावाला गेलेली असते. एकाकडे उत्तरपत्रिका, दुसऱ्याकडे प्रश्नपत्रिका, आणि दोघांची गाठ पडते ती उक्त्याचा दर ठरवताना.

आभासी बागेकडून मला हवं आहे ते इथेच. हुबेहूब दिसणं हा तिचा मोठा गुण नव्हे, खरी बाग आपल्या दाराशीच आहे. तिच्यात चूक केली की लगेच फेब्रुवारी येतो, हे तिचं बळ. एक काडी चार डोळ्यांवर कापा, बघा. पुसा. सहावर कापा, बघा. पेस्टिंग चुकवा, बघा. छाटणीनंतर आठ दिवस झड लावा आणि बघा. दिवाळीच्या आधी चाळीस हंगाम पदरी पडतील आणि त्यातली एकही काडी बँकेच्या कर्जावर वाढलेली नसेल.

मर्यादा सांगतो, कारण हे विकणारे सांगणार नाहीत. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला त्याने आणि त्याच्या मित्रांनी अशी एक छोटी बाग बनवली, तीन वेलांची. मी चष्मा चढवला. मांडव छान, ओलांडा छान, पानांची सळसळसुद्धा. कात्री लावली आणि मनातून उतरली. हिरवी काडी आणि वाळकी काडी एकाच जोराने कापली जात होती. खऱ्या बागेत पक्व काडी कटकन तुटते, कच्ची दबते आणि मग चिरते. कात्री आधी मनगटाशी बोलते, डोळ्याशी नंतर. कापलेल्या टोकाला पाण्याचा थेंब येतो, तोही आत नव्हता. आणि काही चुका हाताच्या नसतातच. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे, आपल्या बोलीत सीसीसी. ती चूक कुठल्याच चष्म्यातून दिसली नसती, कारण ती चूक आहे हे आपण शिकलोच नव्हतो. आभासी बागेत तेवढंच उगवतं जेवढं करणाऱ्याने पेरलेलं असतं.

दुसरी मर्यादा जास्त गमतीची. सेकंड लाइफ नावाचं आभासी जग २००३ साली सुरू झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत परदेशातल्या विद्यापीठांनी तिथे बेटं घेतली, इमारती बांधल्या. आणि आत काय केलं? व्याख्यानाचं सभागृह, रांगेने खुर्च्या, समोर फळा. जिथे माणसाला उडता येतं, पेशीच्या पोटात शिरता येतं, तिथे त्यांनी बाहुल्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि व्याख्यान दिलं. मी इथे उभा राहून तेच करतोय म्हणून जास्त हसत नाही. काही वर्षांत त्यातली बरीच बेटं ओस पडली.

त्यामुळे कुणी मला चष्म्याच्या खरेदीबद्दल विचारलं, तर मी म्हणेन की एका माणसामागे एक घेऊ नका. महाग पडतो, घामाने बरबटतो, काहींचं डोकं गरगरतं. गावात एक-दोन पुरे. एकाने घालायचा, त्याला आत जे दिसतं ते बाहेरच्या टीव्हीवर सगळ्यांनी बघायचं आणि तो चुकला की ओरडायचं. नंतर टीव्ही बंद. मग बोलायचं. १९५६ ची ती बैठक पुन्हा भरवायची, रेडिओच्या जागी बाग.

आता एक मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर आलो. या बागेतला हात कुणाचा घेणार? भाच्याने छाटणीचं ज्ञान पुस्तकांतून घेतलं, दोन सल्लागारांना विचारलं, व्हिडिओ बघितले. ज्यांचे हात रोज वेलीवर असतात ती माणसं पेठ-सुरगाण्याहून येतात आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. थिनिंग करणाऱ्या बायका घ्या. ज्वारीएवढ्या, हरभऱ्याएवढ्या मण्यांच्या घडातून कोणते मणी काढायचे हे त्या बोलता बोलता ठरवतात. लेकराचं दुखणं, घरच्या भाताचं काय झालं, सगळं चालू असतं आणि कात्रीचं टोक बरोबर आतल्या मण्यावर जातं. मी एकीला विचारलं, हाच का काढला? ती म्हणाली, दाटी होती. म्हटलं, दाटी कशी दिसते? तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिला श्वास कसा घेतेस असं विचारलं असावं.

मी तिला भाच्याच्या आभासी बागेत नेलं. आमच्या ओसरीवर, संध्याकाळी, काम सुटल्यावर. छाटणी आणि कात्री म्हटल्यावर ती मागे सरली. टोळीत छाटणीची मोठी कात्री पुरुषांकडे असते. बायकांकडे पेस्टिंग, डिपिंग, थिनिंग, काडी वेचणं. छाटणीची मजुरीही वेगळी. ती म्हणाली, भाऊ, मला नाही जमायचं, नुकसान होईल. मी म्हटलं, मावशी, ह्यात नुकसान होत नाही. तिने पदर खोचला, चष्मा चढवला, थोडा वेळ नुसती मान फिरवत राहिली. मग पहिली काडी कापली. चुकली. हंगाम पुढे सरकला, फूट वांझ निघाली. तिने विचारलं, हे परत पहिल्यासारखं होतं का? भाच्याने बटण दाबलं. झालं. पुढची पंधरा-वीस मिनिटं तिने जे केलं ते आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं. आम्ही सगळे बरोबर छाटायचा प्रयत्न करत होतो. ती एकच काडी मुद्दाम चुकीची कापत राहिली. दोन डोळ्यांवर, तीनवर, दहावर, गाठीच्या खाली, गाठीवर. प्रत्येक वेळी काय होतं ते बघायची आणि म्हणायची, परत. शेवटी भाच्याला म्हणाली, ह्या वेलीला दक्षिणेकडची काडी जाड पाहिजे, तू दोन्हीकडे सारखी दिलीस.

भाच्याने ते दुरुस्त केलं. चष्म्यात केलं, प्रकल्पाच्या वहीत तिचं नाव मात्र लिहायचं राहिलं. मी सांगितल्यावर लिहिलं.

आमची छाटणी पुढच्या आठवड्यात आहे. शेवटच्या ओळीतल्या दहा वेली तिला छाटू द्याव्यात, त्यांना वेगळी रिबीन बांधावी आणि फेब्रुवारीत तिला माल बघायला बोलवावं असं माझ्या मनात आहे. नुकसान झालं तर रजिस्टरमध्ये काय लिहायचं ते गुरुजींनी शिकवलेलं आहे. मुकादमाला काल विचारलं. तो म्हणाला, बाकीचे काय म्हणतील ते बघावं लागेल. आणि मजुरी कोणत्या दराने धरायची, तेही.